केडगावचा माळ आणि रमाबाईंचं माळवं

मैत्रिणींनो, आपल्या जिंतूरच्या बाजारात सकाळी जाऊन बघा. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसलेल्या बाया दिसतील. पुढ्यात मेथीच्या जुड्या, भेंडी, चवळीच्या शेंगा आणि दिवस असतील तर वाळकं. यातलं बरंचसं माळवं त्यांनी ज्वारीच्या किंवा कपाशीच्या वावरात, बांधाच्या कडेला आपल्या हातानं पेरलेलं असतं. मोठं पीक घरधन्याचं आणि बांधावरचं माळवं बाईचं, हा आपल्या मराठवाड्यातला न लिहिलेला करार. मोठं पीक गेलं तरी त्या माळव्यावर लेकरांच्या ताटात काहीतरी हिरवं पडतं.

माझी आजी बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगायची. मिलो नावाची लाल ज्वारी, कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडून हाताला आलेले फोड. पण तिला खरं दुःख होतं ते हिरव्या भाजीचं. पोट कसंही भरलं, पण वर्षभर पानात हिरवं म्हणून काही दिसलं नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, म्हातारीला जिभेचे चोचले सुचतात! पुढे पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचलं, त्यांनी केडगावच्या माळावर काय केलं ते कळलं, आणि आजीचं बोलणं उलगडलं.

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातली चार वाक्यं आठवतात. संस्कृतच्या विद्वान, विधवांसाठी शारदासदन, परदेशप्रवास, धर्मांतर. संपलं. शंभर एकर जमीन घेऊन, विहिरी खणून, दुष्काळातून उचलून आणलेल्या बायकांना ताजं अन्न पिकवायला लावणारी रमाबाई कुणी सांगत नाही. आज मला तीच सांगायची आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान आणि तितकेच हट्टी. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. बाईला देवभाषा शिकवतो म्हणून त्यांना धर्मपंडितांसमोर जाब द्यावा लागला. शेवटी गाव सोडून त्यांनी रानात आश्रम बांधला. तिथे विद्यार्थी, यात्रेकरू, पाहुणे यांची सतत रीघ असायची. लक्ष्मीबाई सगळ्यांना रांधून वाढत. जवळ होतं नव्हतं ते या पंगतींत संपलं आणि रमाबाई सहा महिन्यांच्या असताना कुटुंबानं आश्रम सोडला. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगर उतरवला म्हणे. तिथून सुरू झाली ती वर्षानुवर्षांची पायपीट. तीर्थामागून तीर्थ, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर दिवस काढायचे. पहाटे आई मुलीला जवळ घेऊन श्लोक पाठ करून घेई. रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक तोंडपाठ झाले ते असे, चालता चालता.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायलाच कुणी येईना, तर दक्षिणा कोण देणार? होते तेवढे दागिने, कपडे, भांडी विकून झाली. देवाला साकडं घालून झालं. अखेर तिरुपतीजवळच्या रानात या कुटुंबानं अकरा दिवस झाडाचा पाला, पाणी आणि रानखजूर यांवर काढले. वडिलांनी प्राण सोडला. थोड्याच आठवड्यांत आई अंथरुणाला खिळली. तापात तिला भाकरी हवी होती. रमाबाई शेजारच्या एका घरी मागायला गेल्या, पण दारात उभं राहिल्यावर तोंडातून शब्द फुटेना. भीक मागायची सवय नव्हती. त्या घरच्या बाईनंच ओळखलं आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. तो आणला तोवर आईला खाण्याचं त्राण उरलं नव्हतं.

आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं पुरेनात. दोघेजण कसेबसे तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. त्या बुटक्या होत्या, खांद्याची उंची जुळेना, म्हणून ती बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. सोळा-सतरा वर्षांची मुलगी! मागोमाग थोरली बहीणही गेली.

पुढे अनेक वर्षांनी रमाबाईंनी या दिवसांबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांनी दैवाला किंवा पावसाला बोल लावला नाही. आम्हाला हातानं करायचं एकही काम येत नव्हतं आणि जातीच्या अभिमानापायी ते शिकावंसंही वाटलं नाही, अशी त्यांची कबुली आहे. शास्त्रं मुखोद्गत होती, पण मूठभर धान्य उगवायची विद्या घरात कुणालाच नव्हती. माझ्या मते केडगावच्या शेताचं बी पेरलं गेलं ते इथे.

मधला काळ भराभर सांगते, कारण तो तुम्हाला थोडाफार माहीत असेल. भाऊ-बहीण पायी हिंडत राहिले, काश्मीरपर्यंत गेले. झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरायला नव्हतं, म्हणून वाळूत खड्डे करून ते त्यात झोपले. १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ साली मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीनं गेले. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर तान्ही मुलगी.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिलं, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-डॉक्टर आणि स्त्री-शिक्षिका हव्यात असं सांगितलं. १८८३ साली इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी येत गेलं. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला अमेरिकेत गेल्या. तिथे व्याख्यानं देऊन आणि पुस्तक लिहून हिंदुस्थानातल्या बालविधवांसाठी पैसा उभा केला. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन सुरू झालं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून सगळ्यांना माहीत झालेल्या.

१८९० साली सदन पुण्याला आलं आणि १८९३ साली वादळ उठलं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांचा धर्म बदलतोय, असा बोभाटा झाला. टिळकांच्या केसरीनं टीकेची झोड उठवली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. वीसहून अधिक मुली पालकांनी घरी नेल्या. रमाबाईंचं म्हणणं एवढंच होतं की माझी खोली आणि माझी प्रार्थना मी कुणापासून लपवणार नाही आणि कुणाला जबरदस्तीही करणार नाही. यात चूक कुणाची, यावर आजही दोन मतं आहेत. शिकायला ठेवलेल्या लेकीचा धर्म बदलेल ही आईबापांची भीती अगदी खोटी नव्हती, असं मलाही वाटतं. पण घरी नेलेल्या त्या मुलींचं पुढे काय झालं, याची चिंता त्या वादात किती जणांनी केली?

याच सुमारास रमाबाईंच्या डोक्यात एक घरगुती हिशेब सुरू होता. बोस्टनची दहा वर्षं १८९८ साली संपणार. मग पन्नास-साठ तोंडांना काय घालायचं? देणगीदारांपुढे कायम हात पसरायचा का? संसार केलेल्या कुठल्याही बाईला हा प्रश्न कळेल. येणारा पैसा बंद होण्याआधी घरात काहीतरी उगवलं पाहिजे. त्यांनी पुण्याच्या पूर्वेला, रेल्वेच्या कडेला, केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. परभणीहून पुण्याला जाणारी गाडी मनमाडवरून जावो की लातूरवरून, दौंडच्या पुढे थोड्या अंतरावर हे केडगाव स्टेशन लागतं. जलद गाडी तिथे थांबत नाही, त्यामुळे आपलं लक्षही जात नाही.

पाऊस कमी असलेला मुलूख तो. तिथे त्यांनी विहिरी खणल्या आणि संत्री, लिंबू, आंबा यांची झाडं लावली. फळबाग का? तर एकदा लावली की वर्षानुवर्षं उत्पन्न देते म्हणून. पण संत्र्याचं झाड फळाला यायला चार-पाच वर्षं लागतात आणि आंब्याला त्याहून जास्त. म्हणजे १८९८ ची सोय त्याआधीच मातीत पुरायला हवी होती. तिरुपतीच्या रानात अकरा दिवस पाला खाल्लेली ही बाई आता वर्षं मोजून झाडं लावत होती.

पण झाडं फळाला येईपर्यंत दुष्काळ थांबला नाही. १८९६ साली मध्यप्रांतात पाऊस गेला आणि माणसं वाटेवर मरू लागली. बातम्या वाचून रमाबाईंना राहवेना. स्वतःचे वीस वर्षांपूर्वीचे दिवस उभे राहिले असणार. त्या तिकडे गेल्या. सरकारी कामांवर आणि अनाथगृहांत त्यांनी पाहिलं ते भयंकर होतं. उपासमारीनं मरणाऱ्या मुली होत्याच, शिवाय एकट्यादुकट्या पोरींना फसवून नेणारी माणसं टपून होती. मूठभर दाण्यांसाठी मुलींची अब्रू जात होती. शारदासदन उच्चवर्णीय विधवांचं होतं, पण इथे जात विचारायला वेळ नव्हता. तीनशेच्या आसपास मुली-बायका त्यांनी गोळा करून आणल्या. अंगावर चिंध्या, तोंडात फोड, केसांत उवा.

आणल्या पुण्याला, तर १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग! इतकी माणसं शहरात एका जागी ठेवायला मनाई झाली. त्या मुली गेल्या केडगावच्या शेतावर. राहायला घर नव्हतंच. तंबू आणि गवताच्या झोपड्या. जी जमीन शारदासदनाला फळं विकून पैसे देण्यासाठी घेतली होती, तीच आता शेकडो अनोळखी बायकांचं घर झाली. १८९८ साली तिथल्या वस्तीला मुक्तिसदन असं नाव मिळालं. प्लेगच्या दिवसांतली एक गोष्ट सांगायला हवी. सरकारी प्लेग इस्पितळात नेलेली त्यांची एक मुलगी बेपत्ता झाली, तेव्हा रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून जाहीरपणे जाब विचारला. गव्हर्नरांनी त्यांचं म्हणणं फेटाळलं, पण त्या मागे हटल्या नाहीत. मिशनरी म्हणजे सरकारच्या ताटाखालचं मांजर, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१८९९-१९०० चा दुष्काळ त्याहून मोठा. गुजरात-राजस्थानात त्याला छप्पनिया म्हणतात. निजामाच्या राज्यात असलेल्या आपल्या मराठवाड्यालाही त्याची झळ बसली. रमाबाईंनी गुजरात, राजपुतान्याकडून आणखी तेराशेहून अधिक बायका-मुली आणल्या. केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

आता आपण बायका बसून जरा हिशेब करू. दोन हजार माणसं, माणशी दोन वेळच्या मिळून तीन भाकरी. झाल्या सहा हजार भाकरी, रोजच्या! माणशी अर्धा किलो धान्य धरलं तर दिवसाला दहा क्विंटल. पावसाच्या भरवशावरच्या शंभर एकरात ज्वारी पेरली तर वर्षाकाठी किती होणार? एकरी तीन-चार क्विंटल आले तरी सगळी रास महिना-सव्वा महिन्यात फस्त! म्हणजे केडगावचं शेत या सगळ्यांचं पोट धान्यानं भरूच शकत नव्हतं. धान्य विकत घ्यावं लागे, ते देशविदेशातून येणाऱ्या देणग्यांवर.

मग शेताचा उपयोग काय? इथेच मला आजी आठवते. दाणा बाजारातून पोत्यानं आणता येतो, वर्षभर साठवता येतो. मेथी, भेंडी, वांगी, दूध पोत्यात भरून ठेवता येत नाही, आणि दोन हजार माणसांना पुरेल एवढी ताजी भाजी रोज विकत घेणं कुणाला परवडणार? ती दारात पिकली तरच ताटात येते. महिनोन्‌महिने पाला आणि मुळं खाऊन हिरड्या सुजलेल्या, दृष्टी अधू झालेल्या पोरींना नुसत्या भाकरीनं उभारी येत नाही. त्यांना हिरवी भाजी लागते, लिंबू-संत्रं लागतं, दूध लागतं. केडगावला भाजीचे मळे झाले, गाई-म्हशी आल्या. त्या काळी विहिरीचं पाणी म्हणजे मोट, बैल आणि पाटाचं पाणी देणारे हात. हात तिथे भरपूर होते.

हे हात कुणाचे, ते महत्त्वाचं. काल रस्त्यावर मरायला टेकलेली मुलगी, अंगात ताकद आली की निंदायला, भाजी तोडायला, दूध काढायला, दळायला, रांधायला लागे. शिळंपाकं वाढून धर्म केल्याचं समाधान मिळवायचं, ही रीत तिथे नव्हती. खाणारीनंच पिकवायचं आणि पिकवणारीनं शेजारणीला वाढायचं. शेतीच्या जोडीला माग आले, तेलाचा घाणा आला, शिवण आलं, छापखाना आला. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंत सगळं बायकाच करत. अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा. ज्या काळात भटभिक्षुकांच्या घरातल्या विधवेला केस काढून कोपऱ्यात बसवत, त्या काळात त्याच जातीतून आलेली एक बाई शेकडो बायकांना शेत करायला शिकवत होती.

सगळ्या काही काम करू शकत नव्हत्या. आंधळ्या बायकांसाठी वेगळं घर होतं. मनोरमानं ब्रेल शिकून त्यांना वाचायला शिकवलं, त्या टोपल्या विणू लागल्या. म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन. आणि जिला समाज वाया गेलेली म्हणतो, जिचं नाव घरात काढत नाहीत, तिच्यासाठी कृपासदन. त्या बायकांच्या वाट्यालाही त्याच मळ्यातली भाजी येत होती.

मी हे लिहितेय म्हणून सगळं गोड होतं असं समजू नका. इतक्या अशक्त माणसांच्या वस्तीत आजार आले, मरणं आली. शेकडो मुलींना कडक वेळापत्रकात बांधून ठेवणं सोपं नव्हतं, काही कंटाळून निघूनही गेल्या. आणि धर्माचा प्रश्न होताच. मुक्तिसदन ही उघड ख्रिस्ती संस्था होती. दुष्काळातून आलेल्या बहुतेकजणी पुढे ख्रिस्ती झाल्या. भुकेल्या माणसानं घास देणाऱ्या हाताचा धर्म घ्यावा, यात त्याची मर्जी किती आणि नाइलाज किती, हा प्रश्न मनात येतो. मला त्याचं सरळ उत्तर सापडलेलं नाही. पण रमाबाईंनी आणलेल्या मुलींना न्यायला दुसरं कुणी रांगेत उभं नव्हतं, हेही तितकंच खरं. त्यांच्यावर टीका करणाऱ्या पुण्यातच महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला, आणि त्यांच्या घरात रमाबाईंच्याच सदनात शिकलेली गोदूबाई होती. धागे असे एकमेकांत गुंतलेले असतात.

स्वतः रमाबाई शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या. पांढरं जाडंभरडं लुगडं, कापलेले केस, कानांना ऐकू येत नसे. सदनातल्या बायकांच्या रांधण्यातलंच त्या खात. उतारवयात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. शेतावरच्या, माजघरातल्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. आमच्या निजामी मुलखाशीही त्यांचा संबंध आला. गुलबर्ग्याला त्यांनी मुलींची शाळा काढली आणि मनोरमानं तिचं काम पाहिलं. तेव्हा जिंतूर आणि गुलबर्गा एकाच राज्यात होते.

मनोरमा हा त्यांचा उजवा हात. शिकलेली, लग्न न केलेली, आईच्या कामात स्वतःला विसरलेली. आपल्यानंतर सगळं तीच पाहील असं रमाबाईंनी धरलं होतं. जुलै १९२१ मध्ये मिरजेला मनोरमा आजारानं गेली. वय अवघं चाळीस. आईची तिरडी डोक्यावर घेतलेल्या बाईला आता लेकीचं मरण बघावं लागलं. रमाबाईंनी काम थांबवलं नाही. भाषांतराचे शेवटचे कागद तपासून होत आले आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे त्या झोपेतच गेल्या. तो उन्हाळा. पुणे जिल्ह्याच्या त्या कोरड्या पट्ट्यात एप्रिलमध्ये विहिरींचं पाणी तळाला जातं, आणि भाजीच्या वाफ्यांना रात्री-पहाटेच पाणी द्यावं लागतं, म्हणजे उन्हानं ते उडून जात नाही. त्यांचा मृतदेह केडगावच्याच मातीत ठेवला.

मुक्तिमिशन आजही केडगावला आहे. तिथे अजूनही निराधार बायका आणि मुली राहतात. पुढच्या वेळी परभणीहून पुण्याला निघालात, तर दौंड गेल्यावर खिडकीतून बाहेर बघा. गाडी थांबणार नाही, स्टेशनची पाटीसुद्धा झर्रकन जाईल.